काळजाला हात घालणारे संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यात वर्षाचा एखादाच महिना गाण्यावाचून जात असेल. कार्तिकातला काकडा, भागवत सप्ताह, भुलाबाईची गाणी, झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी नाटके, बुद्धविहारातली भीमगीते, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, असे काही ना काही कानांवर पडत असते. त्यातले बरेचसे आपण ऐकतो आणि विसरतो. एखादे मात्र असे भिडते की बसल्या जागी गळा दाटून येतो. भजनी मंडळांतले गायक, शिक्षक आणि घरात वृद्ध किंवा आजारी माणसे असलेले श्रोते याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या उत्तरांमागची आमची धारणा अशी की भावना ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून येते, पण तिला वाट मिळण्यासाठी गाण्याची बांधणी आणि ते ऐकण्याची रीत दोन्ही नेमकी असावी लागतात. पैकी आयुष्य आपल्या हाती नसले तरी उरलेल्या दोन गोष्टी पुष्कळशा आपल्या हाती आहेत.

एखादे गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी का येते?

पहिले कारण आवाजातच असते. माणूस दुःखात असला की त्याचा आवाज खाली येतो, बोलणे संथ होते आणि स्वर किंचित थरथरतो. गायक विलंबित लयीत मींड घेऊन एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद उतरतो, तेव्हा आपल्या कानांना त्यात माणसाच्या दुःखाची ओळख पटते, आणि ही ओळख विचार करण्याच्या आधीच पटलेली असते.

दुसरे कारण अपेक्षेचे आहे. चाल आता षड्जावर, म्हणजे 'सा' या मूळ स्वरावर, येऊन विसावणार हे सवयीच्या कानाला ठाऊक असते. गायक मात्र शेजारच्या स्वरावर क्षणभर रेंगाळतो, ताण वाढवतो आणि मगच 'सा'वर येतो. जॉन स्लोबोडा या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना नेमक्या कोणत्या ठिकाणी रडू येते हे विचारले होते, आणि अश्रू आणणाऱ्या जागांत अशा रेंगाळणाऱ्या, उशिरा सुटणाऱ्या स्वरांच्या जागा ठळकपणे आढळल्या. पुढे २०११ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की आवडत्या संगीताचा उत्कट क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते; एवढेच नव्हे, तर तो क्षण येणार याची चाहूल लागते तेव्हाही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवू लागते. ठाऊक असलेला अभंग शंभराव्यांदा ऐकतानाही तीच जागा का भिडते, याचे बरेचसे उत्तर येथे मिळते.

तिसरे कारण आठवणीचे आहे, आणि तेच बहुधा सर्वांत बलवान असते. वडील पहाटे बैल सोडताना जे भजन गुणगुणत असत, ते त्यांच्या पश्चात दुसऱ्या कुणाच्या तोंडून अचानक ऐकू आले, तर ते गाणारा बेसूर असला तरी मुलाचे डोळे भरून येतात.

अंगावर काटा येतो, तो कशामुळे?

थंडी वाजल्यावर किंवा दचकल्यावर अंगावरचे केस उभे राहतात ती क्रिया आणि ही क्रिया एकच. ती आपल्या इच्छेने होत नाही. संगीतात ती बहुधा अचानक बदलाच्या जागी होते. भजनात ही जागा सहज दाखवता येते. मुख्य गायक एकट्याने कडवे म्हणत असतो, ढोलक जवळजवळ थांबलेली असते, आणि कडव्याची शेवटची ओळ संपता संपता मागचे दहा-पंधरा जण टाळांसह एकदम धृपद उचलतात. एका आवाजाचे पंधरा आवाज होतात त्या क्षणी काटा येतो. ज्या मंडळात सगळेच जण सुरुवातीपासून मोठ्याने गातात, त्यांच्या भजनात हा क्षण येऊच शकत नाही, कारण वाढायला जागाच उरलेली नसते. नव्या मंडळांनी एवढी एक गोष्ट सांभाळली तरी त्यांच्या गाण्यात फरक पडेल.

करुण सूर म्हणजे नेमके कोणते? ते पेटीवर दाखवता येतात का?

काही प्रमाणात दाखवता येतात. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरावा आणि पांढऱ्या एक, दोन, तीन, पाच आणि सहा एवढ्याच पट्ट्या सावकाश वाजवाव्यात. हे भूप रागाचे पाच स्वर आहेत. त्यांतून प्रसन्न, मोकळा भाव उमटतो. आता बाकी काहीही न बदलता पांढरी तीनच्या जागी तिच्या अलीकडची काळी दोन वाजवावी, म्हणजे शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार घ्यावा. तेच स्वर आता शिवरंजनीचे झाले, आणि खोलीतल्या लहान मुलालाही काहीतरी बदलल्याचे कळते. एका पट्टीच्या अंतराने एवढा पालट व्हावा, याचे आम्हाला आजही मनापासून आश्चर्य वाटते.

तरीही कोमल स्वर म्हणजे दुःख असे समीकरण मांडू नये. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद असे चार स्वर कोमल असतात, परंतु त्याच भैरवीत विरहाची ठुमरीही गायली जाते आणि उल्हासाचे भजनही. रात्रभराच्या भजनाचा शेवट भैरवीने होतो, म्हणून आपल्याकडे तिच्या स्वरांना निरोपाची छटा चिकटलेली आहे. ती छटा प्रथेने आलेली आहे. शिवाय पेटीवर स्वर तुटक येतात, दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, आणि मींड तिच्यातून निघत नाही. त्यामुळे करुण भाव आणायचा असेल तेव्हा पेटीवाल्याने गायकाच्या प्रत्येक हरकतीमागे, म्हणजे गळ्याच्या छोट्या नक्षीमागे, धावू नये. मुख्य स्वर धरून ठेवावा आणि मधली वाट गळ्यासाठी मोकळी सोडावी.

दुःखाचे गाणे ऐकून बरे का वाटते? दुःख वाढायला नको का?

हा प्रश्न फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले असून शोक या स्थायीभावातून, म्हणजे मनात मुळातच असलेल्या भावातून, करुण रस निर्माण होतो असे म्हटले आहे. पुढे अभिनवगुप्तांनी साधारणीकरणाचा विचार विस्ताराने मांडला. त्याचे सार असे की कलेतला शोक अमक्या एका माणसाचा राहत नाही, तो सर्वांचा होतो, आणि म्हणून तो सोसवतो, किंबहुना त्याचा आस्वाद घेता येतो.

आपल्या घरांतल्या स्त्रियांना हे शास्त्र वाचावे लागले नव्हते. जात्यावर बसलेली सासुरवाशीण माहेराची, भावाची, गेलेल्या लेकराची ओवी गात असे, आणि जे चारचौघांत बोलता येत नव्हते ते दळणाच्या घरघरीत सांगता येत असे. समोर बसून दुसऱ्या हाताने खुंटा धरणारी बाई तीच ओवी उचलून पुढे नेई. दुःखाला लय मिळाली आणि सोबत मिळाली की त्याचा भार वाटला जातो. ते संपत मात्र नाही, आणि गाण्याने ते संपेल असे कुणी आश्वासनही देऊ नये.

एक सावधगिरी येथे आवर्जून सांगितली पाहिजे. कुणी दिवसेंदिवस एकटे बसून तीच ती उदास गाणी ऐकत असेल, जेवणावरून मन उडाले असेल, झोप येत नसेल, तर तो संगीताचा आस्वाद नव्हे. अशा माणसाशी बोलावे, त्याला जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो.

शब्द महत्त्वाचे की चाल?

भजनापुरते बोलायचे तर शब्दांना पहिला मान द्यावा, असे आमचे मत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे 'या झोपडीत माझ्या' हे पद घ्या. चाल साधी आहे, खंजिरीवर सहज बसते, परंतु राजमहालातले सुख झोपडीत मिळाल्याचे जो माणूस गातो तो स्वतः कुडाच्या घरात राहत असेल, तर त्या शब्दांना जो अर्थ येतो तो कोणत्याही सुरावटीने आणता येणार नाही. म्हणून शब्द स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. टाळ आणि ढोलक यांच्या गजरात शब्द बुडत असतील, तर गजर कमी करावा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गडचिरोलीच्या गावांत आदिवासी तरुण-तरुणी हातात हात गुंफून रेला गातात, तेव्हा त्यांची बोली न समजणारा पाहुणाही त्या संथ, पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या सुरावटीत ओढला जातो. कॅनडात १९९९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात हिंदुस्थानी रागांची ओळख नसलेल्या श्रोत्यांना रागसंगीत ऐकवण्यात आले. त्यांना आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव बऱ्यापैकी ओळखता आले, शांत भाव मात्र तितका ओळखता आला नाही. २००९ मध्ये कॅमेरून देशातील माफा जमातीच्या, पाश्चात्त्य संगीत कधीही न ऐकलेल्या लोकांनी त्या संगीतातला आनंद, दुःख आणि भीती ओळखल्याचे प्रसिद्ध झाले. लय आणि आवाजाचा पोत यांतून काही भाव सर्वांपर्यंत पोहोचतात. शांत रसासारखे सूक्ष्म भाव मात्र त्या परंपरेत कान मुरल्यावरच कळू लागतात.

मंदिरात किंवा मंडपात जे भिडते, तेच मोबाइलवर ऐकताना कोरडे का वाटते?

कारण मंडपात आपण केवळ ऐकत नसतो. टाळ्या वाजवतो, धृपद म्हणतो, शेजारच्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास पडतो, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाचे भरलेले डोळे आपल्याला दिसतात. संत गाडगेबाबांच्या कीर्तनाची शक्ती येथेच होती. 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' ही धून शिकण्यासाठी कुणालाही गुरू करावा लागत नव्हता. ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तरे देत, आणि बघता बघता हजारोंचा जमाव गाणारा होऊन जाई. ज्या संगीतात श्रोत्याला वाटा मिळतो ते अधिक खोल जाते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट शांततेची. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. भजनांनी आणि खंजिऱ्यांनी भरलेला तो सारा परिसर एकाएकी निःशब्द होतो आणि जनसमुदाय जागच्या जागी उभा राहतो. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको की त्या मौनात आधीचे सगळे भजन ऐकू येत असते. गाणे संपल्यावर काही क्षण काहीही न वाजवणे हासुद्धा गाण्याचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र शेवटचा टाळ पडण्याआधी सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकावर देणगीदारांची नावे वाचू लागतो. हे थांबवावे, अशी सर्व आयोजकांना विनंती आहे.

आवाज मोठा ठेवला तर परिणाम वाढतो का?

नाही. मोठ्या आवाजाने छाती धडधडते, ती भावना नव्हे. हळुवार जागा आधी हळुवार असल्या तरच चढती लय अंगावर येते. एक कर्णा गाभाऱ्यासमोर पुरेसा असेल तर चार लावू नयेत. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला कायद्याने मनाई असल्यामुळे पहाटेचा काकडा तसाही उघड्या गळ्यानेच व्हायला हवा, जो ऐकायला अधिक गोड लागतो.

मयतीच्या घरी किंवा तेरवीला कोणते संगीत असावे?

प्रथम घरच्यांना विचारावे. गेलेल्या माणसाच्या आवडीचे एखादे पद असेल, तर राग, चाल, परंपरा या सगळ्यांच्या आधी त्याचा मान. गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ स्वराची उंची, नेहमीपेक्षा खाली ठेवावी, लय संथ ठेवावी, ध्वनिवर्धक लावू नये. ढोलकीऐवजी नुसते टाळ आणि वीणा असले तरी भागते. जमले तर शेवटी ज्ञानेश्वरीतले पसायदान म्हणावे. त्यात विश्वासाठी मागणे असल्यामुळे शोकात बुडालेल्या माणसाची नजर थोडी वर उचलली जाते.

निवडीबाबत एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कर्जाने आणि नापिकीने खचून कुणी स्वतःचे आयुष्य संपवले असेल, तर त्या घरी कर्मफळाचा किंवा पापपुण्याचा हिशेब मांडणारी पदे कृपा करून म्हणू नयेत. ती पदे खोटी आहेत असे नाही, पण त्या रात्री त्या घरच्या माउलीला ती आरोपासारखी ऐकू येतात. नामस्मरणाची, विठ्ठलाला आई म्हणून हाक मारणारी पदे तिथे योग्य.

जगातही शोकाच्या प्रसंगी असे ठरलेले संगीत असते. अमेरिकी संगीतकार सॅम्युएल बार्बर यांची तंतुवाद्यांसाठीची एक संथ रचना १९३८ मध्ये प्रथम वृंदवादनाच्या रूपात सादर झाली आणि पुढे तिकडच्या सार्वजनिक शोकाशी कायमची जोडली गेली. तिच्यात शब्द नाहीत. एक सुरावट पायरी पायरीने वर चढत जाते, टिपेला पोहोचते आणि तिथे काही क्षण नुसती शांतता असते. काकड्यातला एखादा संथ अभंग ज्याने मन लावून ऐकला आहे, त्याला ही रचना परकी वाटणार नाही.

भक्तिगीतांखेरीज कोणते संगीत आपल्याकडे एवढे खोल जाते?

पुष्कळ आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भाच्या गावोगावी भीमगीतांची परंपरा बहरली. वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातले, पण त्यांची गीते येथल्या वस्त्यांवर घरातल्यासारखी गायली जातात. या गीतांनी डोळ्यांत येणारे पाणी शोकाचे कमी आणि ताठ मानेचे अधिक असते. करुण रसाच्या चौकटीत ते मावत नाही.

अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांचे 'उषःकाल होता होता' हे गीत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि आशा भोसले यांच्या आवाजात 'सिंहासन' या १९७९ च्या चित्रपटातून घरोघरी पोहोचले. अपेक्षाभंगाची चीड आणि तरीही पेटवण्याची हाक एकाच गाण्यात कशी राहू शकते, हे त्यात ऐकायला मिळते.

झाडीपट्टीचे तर वेगळेच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या भागांत धान निघाल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, रात्रभर नाटके चालतात. बहिणीची पाठवणी किंवा म्हाताऱ्या बापाचे घराबाहेर पडणे असा प्रसंग आला की वादक स्वर धरतात, पात्र गाऊ लागते आणि चादरी पांघरून बसलेला सारा गाव उघडपणे रडतो. शहरी प्रेक्षकाला हे भडक वाटते. आम्हाला ते भडक वाटत नाही. हजार माणसे एकमेकांसमोर न लाजता रडू शकतात ही मोठी गोष्ट आहे.

मला कोणतेही गाणे ऐकून काहीच वाटत नाही. हा दोष आहे का?

नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की काही निरोगी माणसांना इतर गोष्टींत आनंद मिळतो, पण संगीतात मिळत नाही. अशा माणसाला अरसिक किंवा दगड म्हणू नये.

विसरभोळे झालेल्या आजी-आजोबांना गाणी ऐकवून उपयोग होतो का?

गाण्याने आजार बरा होत नाही, औषधेही बंद करू नयेत. पण नातवंडांची नावे विसरलेल्या आजीला लहानपणीची भुलाबाईची गाणी ओळीने आठवतात, हे अनेक घरांत दिसते. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत ऐकलेली गाणी सर्वांत पक्की राहतात, म्हणून त्यांच्या त्या वयातली गाणी शोधावीत. आपल्या आवडीची लावू नयेत. एका वेळी एकच गाणे, कमी आवाजात, शक्यतो जवळ बसून स्वतः गावे. आजी-आजोबा अस्वस्थ झाले तर लगेच थांबावे, कारण जुने दुःखही त्याच वाटेने वर येते.

आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या आहेत. कसे करावे?

शक्य तितक्या लवकर करावे. गावात पिठाची गिरणी आली आणि ओव्या गाण्याचा रोजचा प्रसंगच संपला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, ही फार मोलाची गोष्ट आहे. तरीही तुमच्या घरातली ओवी त्यात असेलच असे नाही.

आधी आजीची परवानगी घ्यावी आणि मुद्रण कुणाकुणाला ऐकवणार हे तिला सांगावे. मोबाइल विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, फोन हातात न धरता उशीवर तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा. नुसते 'गा' म्हटल्यावर तिला आठवणार नाही. घरात जाते असेल तर मूठभर ज्वारी घेऊन तिला दळू द्यावे. हात फिरू लागला की ओव्या एकामागून एक येतात, कारण त्या हाताच्या लयीशी बांधलेल्या असतात. मध्ये ती थांबून कुणाविषयी बोलू लागली तर मुद्रण चालू ठेवावे. शेवटी तिचे नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, आणि ओवी कुणाकडून शिकली हे तिच्याच आवाजात घ्यावे.

गाता गाता गायकालाच रडू आले तर काय करावे?

गायकाचा गळा दाटला की स्वर जातो, आणि त्याच्याबरोबर श्रोत्यांचा आधारही जातो. म्हणून जाणते गायक भाव आवाजात ठेवतात, गळ्यापर्यंत येऊ देत नाहीत; त्यासाठी डोळे मिटून अर्थात बुडण्याऐवजी समोर नजर ठेवून पुढच्या ओळीच्या श्वासाकडे लक्ष देणे उपयोगी पडते. तरीही कधी आवाज अडलाच, तर त्याने थांबावे. पेटीवाल्याने षड्ज सोडू नये, ढोलकवाल्याने हलका ठेका चालू ठेवावा, आणि मागच्यांनी धृपद उचलून तो पुन्हा मान हलवून खूण करीपर्यंत म्हणत राहावे.